मोका चाचणी : तीस गुणांच्या कागदावर राष्ट्राध्यक्षाचा स्वभाव मावतो का?

एका पानावर मावणारी, साधारण दहा मिनिटांत पूर्ण होणारी, तीस गुणांची ‘मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट’ ही चाचणी मी गेली अकरा वर्षे पुण्यातील एका मेमरी क्लिनिकमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून वापरत आहे. आम्ही तिला नुसते ‘मोका’ म्हणतो. रुग्णांचे नातेवाईक तिच्याविषयी नेहमीच प्रश्न विचारत. परंतु जानेवारी २०१८ नंतर त्या प्रश्नांचा रोख बदलला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना या चाचणीत तीसपैकी तीस गुण मिळाल्याची बातमी आपल्याकडेही पोहोचली, आणि पूर्ण गुण मिळालेला माणूस देश चालवण्यास मानसिकदृष्ट्या योग्य आहे असे समजायचे का, अशी विचारणा मला अनेकांनी केली. त्या प्रश्नाचे उत्तर दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. वाढत्या विसरभोळेपणामागे काही आजार आहे का, हे लवकर हुडकण्यासाठी ही चाचणी उत्तम आहे. सत्तेच्या पदाला लागणारा संयम, विवेक आणि स्वभाव मात्र ती पाहतच नाही, आणि ती पाहते असा समज पसरू देणे ही लोकांची दिशाभूल आहे.

मॉन्ट्रियल येथील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. झियाद नासरेद्दीन यांनी १९९६ साली ही चाचणी तयार केली आणि तिचा पहिला मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी जगभर वापरली जाणारी जुनी चाचणी बळावलेला स्मृतिभ्रंश बऱ्यापैकी ओळखत असे, पण आजाराच्या उंबरठ्यावर असलेली माणसे तिच्या हातून सुटत. त्या अभ्यासात सौम्य बोधनदोष (स्मृती आणि विचारशक्तीत आलेली किंचित घट) असलेल्यांपैकी जुन्या चाचणीने जेमतेम १८ टक्के ओळखले, तर मोकाने ९० टक्के. सुरुवातीच्या टप्प्यातील अल्झायमरचे रुग्ण जुन्या चाचणीने ७८ टक्के ओळखले आणि मोकाने सर्वच्या सर्व. त्या अभ्यासातील धडधाकट वृद्धांपैकी ८७ टक्क्यांना तिने बिनधोक म्हणून बाजूला काढले. छाननीसाठी केलेल्या एका पानाच्या साधनाकडून याहून अधिक अपेक्षा करणे कठीण आहे.

तिची रचना मला आजही सुंदर वाटते. अंक आणि अक्षरे आलटून पालटून रेषेने जोडणे, घनाकृती पाहून काढणे, घड्याळाची तबकडी काढून सांगितलेल्या वेळेचे काटे दाखवणे, तीन प्राण्यांची नावे सांगणे, आकडे सुलट आणि उलट म्हणणे, शंभरातून सात वजा करत जाणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणे, एका मिनिटात एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द आठवणे, दोन वस्तूंमधील साम्य सांगणे, आणि अगदी शेवटी आजची तारीख, वार, ठिकाण व शहर सांगणे, असा तिचा क्रम आहे. प्रत्यक्ष शब्द आणि चित्रे मी येथे मुद्दाम देत नाही, कारण ती पाठ करून आलेल्या माणसाची चाचणी घेण्यात अर्थ उरत नाही. अर्ध्याअधिक कामे झाल्यावर, सुरुवातीला ऐकवलेले पाच शब्द पुन्हा विचारले जातात आणि त्याला पाच गुण असतात. ज्यांची स्मृती उताराला लागलेली असते ती माणसे या क्षणी खिडकीकडे पाहू लागतात, नाहीतर शेजारी बसलेल्या पत्नीकडे वळतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तबकडीचे वर्तुळ अगदी रेखीव काढले आणि मग बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागातच दाटीने बसवले. काहीतरी चुकले आहे हे त्यांना कळत होते. काय चुकले आहे ते सापडत नव्हते. घरच्यांना तोवर त्यांचे सगळे व्यवस्थित चालले आहे असेच वाटत होते.

उणिवाही सांगायला हव्यात. सव्वीसच्या खाली गुण आले की पुढील तपासणी करावी असा मूळ संकेत आहे, परंतु तो सर्वत्र सारखा लागू पडत नाही. अमेरिकेतील डॅलस येथे २०११ साली सर्वसामान्य नागरिकांची गुणसंख्या पाहिली असता सुमारे ६६ टक्के लोक सव्वीसच्या खाली निघाले. ती सर्व माणसे आजारी होती असे कोणीही म्हणणार नाही. शिक्षण कमी असेल तर गुण घटतात, म्हणून बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक गुण वाढवून दिला जातो. आपल्याकडे चौथीनंतर शाळा सुटलेल्या, पण साठ वर्षे शेती आणि घरसंसार चोख सांभाळलेल्या आजींसाठी तो एक गुण अगदीच तोकडा आहे. त्यांच्यासाठी याच चाचणीचे ‘बेसिक’ हे वेगळे रूप वापरणे अधिक न्यायाचे ठरते. उलट आयुष्यभर बुद्धीचे काम केलेला माणूस आजार बराच पुढे सरकेपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस गुण मिळवत राहू शकतो. आणखी एक अडचण जानेवारी २०१८ नंतर वाढली. अनेक वृत्तसंस्थांनी चाचणीतील प्रश्न छापून वाचकांना ते सोडवून पाहण्याचे आवाहन केले, आणि गोपनीय राहायला हवे ते साधन चव्हाट्यावर आले. पर्यायी संच उपलब्ध आहेत, पण ते वापरण्याचे भान प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येते.

१६ जानेवारी २०१८ रोजी व्हाइट हाउसचे तत्कालीन वैद्यकीय अधिकारी डॉ. रॉनी जॅक्सन यांनी पत्रकारांसमोर ट्रम्प यांच्या आरोग्य तपासणीचा अहवाल मांडला. बोधनक्षमतेची चाचणी घ्यावी असे वैद्यकीयदृष्ट्या आपल्याला वाटले नव्हते, राष्ट्राध्यक्षांनी स्वतः ती मागितली म्हणून घेतली, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. ती मागण्याची वेळ का आली, हे त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिसते. आपले अण्वस्त्रांचे बटण उत्तर कोरियाच्या नेत्याच्या बटणापेक्षा मोठे आणि अधिक शक्तिशाली आहे, असे ट्रम्प यांनी २ जानेवारी रोजी जाहीरपणे लिहिले होते. ६ जानेवारीला त्यांनी स्वतःचे वर्णन अत्यंत स्थिर बुद्धिमान पुरुष असे केले होते. ज्यांना तेव्हा काळजी वाटली, त्यांची मुख्य शंका पाच शब्द आठवण्याविषयी नव्हती. अण्वस्त्रांचा अधिकार ज्याच्या हाती आहे तो माणूस डिवचला गेला असता कसा वागेल, नको असलेली माहिती समोर आली तर ती ऐकून घेईल का, स्वतःचा अपमान आणि देशाचा अपमान यांत त्याला भेद करता येतो का, असे ते प्रश्न होते. त्यांना उत्तर म्हणून पुढे ठेवली गेली ती तीस गुणांची गुणपत्रिका.

जुलै २०२० मध्ये ट्रम्प यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत या चाचणीचे अभिमानाने वर्णन केले. शेवटचे प्रश्न फार अवघड असतात, आणि शब्द क्रमाने सांगितले तर जादा गुण मिळतात, असे ते म्हणाले. ही चाचणी रोज घेणारी व्यक्ती म्हणून मला त्यातील चूक नोंदवली पाहिजे : क्रमाला गुण नाहीत, आणि शेवटचे प्रश्न तारीख, वार व ठिकाण यांचे असतात. पण त्यांच्या चुकीपेक्षा मला अधिक चिंतेची वाटली ती या वर्णनामुळे लोकांच्या मनात बसलेली कल्पना. पूर्ण गुण म्हणजे असामान्य बुद्धिमत्ता, असे अनेकांना खरोखरच वाटू लागले. ही बुद्धिमत्तेची कसोटी नाही, हे स्वतः डॉ. नासरेद्दीन यांनाही सांगावे लागले. निरोगी, सुशिक्षित माणसाला तीसच्या आसपास गुण मिळणे हे तापमापकात साधारण ९८ अंश दिसण्यासारखे आहे : ताप नाही, एवढेच त्यातून कळते. एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, ट्रम्प यांची पुन्हा तीच चाचणी झाली आणि पुन्हा तीसपैकी तीस गुण जाहीर झाले. त्या वयात ती घेणे योग्यच होते. परंतु त्या निकालाचा अर्थ २०१८ साली होता तेवढाच आजही आहे.

जो बायडन यांच्याबाबतीत याच्या नेमके उलटे घडले, आणि ते मला तितकेच खटकते. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी गोपनीय कागदपत्रांच्या प्रकरणाची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या अहवालात ८१ वर्षांच्या राष्ट्राध्यक्षांच्या क्षीण स्मृतीचा उल्लेख आला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांची वार्षिक तपासणी झाली. त्यांचे डॉक्टर केव्हिन ओकॉनर यांनी मज्जासंस्थेची सविस्तर तपासणी केल्याचे लिहिले, पण बोधनक्षमतेची चाचणी घेतली गेली नाही, आणि तिची गरज नसल्याचे व्हाइट हाउसकडून सांगण्यात आले. २७ जूनला अटलांटा येथील वादसभेत ते वाक्ये अर्धवट सोडताना साऱ्या जगाने पाहिले. ५ जुलैच्या मुलाखतीत स्वतंत्र चाचणीविषयी विचारले असता, आपली परीक्षा रोजच होत असते अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी मागे घेतली. त्यांना आजार होता असे मी म्हणत नाही. मला तसे म्हणण्याचा अधिकारच नाही. पण लोकांना पडलेला प्रश्न स्मृतीचा आणि आकलनाचा होता, आणि ज्या प्रश्नासाठी हे साधन बनवले आहे तो प्रश्न समोर असताना ते कपाटात ठेवले गेले. जेथे शंका स्वभावाविषयी होती तेथे मात्र ते बाहेर काढून दाखवले गेले. दोन्ही वेळा लोकांना हवे असलेले उत्तर मिळालेच नाही. ७५ वर्षांवरील राजकारण्यांची मानसिक क्षमतेची चाचणी सक्तीची करावी, अशी मागणी रिपब्लिकन नेत्या निकी हेली यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये केली होती. ती मागणी स्मृतीपुरती विचारात घेण्याजोगी आहे. परंतु स्वभावाचे दोष पंच्याहत्तरीची वाट पाहत नाहीत.

स्वभाव या चाचणीत का दिसत नाही, हे मी एका रुग्णाच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्रेसष्ट वर्षांचे एक निवृत्त अभियंते पत्नीसह आमच्याकडे आले. मोकामध्ये त्यांना अठ्ठावीस गुण मिळाले. खुर्चीवर ताठ बसून, हसतमुखाने, त्यांनी शंभरातून सात वजा करण्याचे काम माझ्यापेक्षा वेगाने केले. गुण ऐकून पत्नीचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “मॅडम, यांना सगळं आठवतं हो. आठवण्याचा प्रश्नच नाहीये. पण हे असे नव्हते.” त्यांनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. तिच्यात तारीख घालून नोंदी होत्या : सख्ख्या भावाच्या अंत्ययात्रेत मोठ्याने हसले; बँकेत काउंटरवरील मुलीला सर्वांसमोर नको ते बोलले; ओळखदेख नसलेल्या माणसाला मोठी रक्कम उसनी दिली आणि विचारल्यावर घरातल्यांवरच धावून गेले; एका बैठकीत, कोणालाही न विचारता, गावाकडचा प्लॉट विकून टाकला. सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी केवळ या चाचणीच्या गुणांवरून ‘सर्व काही ठीक आहे’ असे त्यांना लिहून मिळाले होते, आणि प्लॉटचा व्यवहार त्यानंतरचा होता. घरातल्या कोणी अडवले की ते तोच कागद पुढे करत, हे सांगताना त्या बाईंचा आवाज दाटून आला.

पुढे मेंदूचा एमआरआय, काही तासांची सविस्तर चाचणी आणि घरच्यांची मुलाखत यांवरून निदान झाले : मेंदूच्या पुढच्या भागाला पोखरणारा स्मृतिभ्रंशाचा प्रकार, ज्यात सुरुवातीला स्मृती शाबूत राहते आणि आधी माणूस बदलतो. लाज, सहानुभूती, परिणामांचा विचार, संतापाला घातलेला लगाम ही सारी कामे मेंदूच्या ज्या भागांकडे आहेत, त्यांना मोका फारसा हातच लावत नाही. एकांत खोलीत, शांत आवाजात विचारलेल्या, एकच बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नांना उत्तरे देणे हे एक काम आहे. कोणी अपमान करत असताना, घाई असताना, समोर खुशामत करणारे बसलेले असताना योग्य निर्णय घेणे हे त्याहून पूर्ण वेगळे काम आहे. राष्ट्रप्रमुखाचा सारा दिवस या दुसऱ्या कामात जातो.

हे वाचून कोणी म्हणेल की मग ट्रम्प यांनाही असाच काही आजार असेल. तसे मुळीच म्हणता येणार नाही, आणि या ठिकाणी मी फार सावध आहे. माझ्यासमोर तो माणूस बसला होता, त्याची पत्नी होती, तारखांची वही होती, मेंदूची छायाचित्रे होती, आणि त्याने तपासणीला संमती दिली होती. हजारो मैलांवरून, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहून निदान करणाऱ्याकडे यांतले काहीच नसते. असे केले की काय होते, याचा धडा माझ्याच क्षेत्राने एकदा अत्यंत वाईट रीतीने घेतला आहे.

१९६४ साली अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर होते. ‘फॅक्ट’ या नियतकालिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्रे पाठवून विचारले की हे गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का. २,४१७ उत्तरे आली आणि त्यांपैकी १,१८९ जणांनी ‘अयोग्य’ असे म्हटले. हा आकडा मुखपृष्ठावर ठळक छापला गेला. ज्यांनी त्यांना कधी पाहिलेही नव्हते अशा डॉक्टरांनी गंभीर मनोविकारांची नावे त्यांच्या माथी मारली. गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण अब्रुनुकसानीचा दावा जिंकले : भरपाई म्हणून एक डॉलर आणि दंड म्हणून ७५ हजार डॉलर. १९७३ साली अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने नियम केला की, स्वतः तपासल्याशिवाय आणि संबंधित व्यक्तीच्या परवानगीशिवाय कोणत्याही सार्वजनिक व्यक्तीविषयी व्यावसायिक मत देणे अनैतिक आहे. तो ‘गोल्डवॉटर नियम’ म्हणून ओळखला जातो आणि ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या आरंभी, मार्च २०१७ मध्ये, संघटनेने तो पुन्हा ठामपणे मांडला. त्याविरुद्ध काही तज्ज्ञांनी असे म्हटले की, धोका दिसत असताना गप्प बसणे हेही अनैतिकच आहे. त्यांची तळमळ मला समजते. तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. त्या १,१८९ जणांनी अयोग्य ठरवलेले तेच गोल्डवॉटर पुढे पुन्हा सेनेटमध्ये निवडून आले, आणि ७ ऑगस्ट १९७४ रोजी वॉटरगेट प्रकरणात अडकलेल्या रिचर्ड निक्सन यांना भेटून, काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, तुम्हाला आता पुरेसा पाठिंबा उरलेला नाही, हे सांगणाऱ्या तीन नेत्यांत तेही होते. आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला नको असलेले सत्य तोंडावर सांगण्याचा संयम ज्याच्यात होता, त्याच्या स्वभावाविषयी शेकडो डॉक्टरांनी प्रश्नावलीवर खूण करून निकाल दिला होता.

दुसरे कारण याहून जवळचे आहे. नेत्याच्या वागण्यावर राग काढण्यासाठी आपण आजाराचे नाव शिवीसारखे वापरतो, तेव्हा ती शिवी माझ्या बाहेरच्या खोलीत वाट पाहणाऱ्या माणसांनाही लागते. १९७२ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस ईगलटन यांनी पूर्वी नैराश्यासाठी तीनदा रुग्णालयात राहून उपचार घेतल्याचे उघड झाले आणि उमेदवारी मिळाल्यापासून अवघ्या १८ दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर ते १९८७ पर्यंत सेनेटर म्हणून काम करत राहिले. नॉर्वेचे पंतप्रधान शेल मॅग्ने बुंदेविक यांनी १९९८ साली पदावर असताना आपल्याला नैराश्याचा त्रास होत असल्याचे उघडपणे सांगितले, काही आठवड्यांची रजा घेतली, बरे होऊन परतले आणि २००१ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. या गोष्टीने मला नेहमीच धीर दिला आहे, आणि उपचाराला लाजणाऱ्या अनेक रुग्णांना मी ती सांगितली आहे. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली १९७४ पर्यंतच्या ३७ अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची चरित्रे तपासली, तेव्हा १८ जणांच्या आयुष्यात कधी ना कधी मनोविकाराची लक्षणे आढळली असे त्यांचे म्हणणे होते. चरित्रांवरून केलेल्या निदानालाही मर्यादा आहेतच. पण आजार असूनही माणूस उत्तम कारभार करू शकतो, आणि कोणताही आजार नसलेला माणूस पदासाठी धोकादायक असू शकतो, ही गोष्ट मला चिकित्सेच्या खोलीत रोज पटते.

मग योग्यता ठरवायची कोणी? अमेरिकेच्या राज्यघटनेतील पंचविसावी दुरुस्ती १० फेब्रुवारी १९६७ रोजी मंजूर झाली. तिच्या चौथ्या कलमाप्रमाणे उपराष्ट्राध्यक्ष आणि मंत्रिमंडळातील बहुमत यांनी राष्ट्राध्यक्ष कर्तव्ये पार पाडण्यास असमर्थ असल्याचे लेखी कळवले, तर अधिकार उपराष्ट्राध्यक्षांकडे जातात; राष्ट्राध्यक्षांनी हरकत घेतली आणि वरील मंडळी आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली, तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. हे कलम आजवर एकदाही वापरले गेलेले नाही. त्यात आजाराचे, गुणांचे किंवा डॉक्टरच्या सहीचे नावही नाही, आणि माझ्या मते हा त्यातील शहाणपणा आहे, कारण शेवटी तो निर्णय राजकीय जबाबदारीचा आहे. त्याची दुबळी बाजू अशी की, ज्यांना राष्ट्राध्यक्षांनी नेमले त्यांनीच त्यांच्याविरुद्ध सही करायची. यासाठी स्वतंत्र मंडळ नेमण्याची तरतूद घटनेतच आहे, आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य जेमी रॅस्किन यांनी २०१७ आणि २०२० मध्ये तसे विधेयकही मांडले, पण ते पुढे गेले नाही. ही दुरुस्ती येण्यापूर्वी, २ ऑक्टोबर १९१९ रोजी वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्यांची खरी अवस्था देशापासून महिनोन्महिने लपवली गेली आणि त्यांच्यापर्यंत कोणते कागद जाणार हे त्यांच्या पत्नी ठरवत होत्या. डॉक्टर, कुटुंब आणि मंत्री हे सारेच जवळचे असले की काय होते, हे तेथे दिसले.

आपल्याकडील तरतूद वेगळ्या घडणीची आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ आणि १९१ नुसार, सक्षम न्यायालयाने मनोविकल म्हणून घोषित केलेली व्यक्ती खासदार किंवा आमदार राहू शकत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ पुढे असेही स्पष्ट करतो की, केवळ मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी मनोविकल ठरत नाही. विरोधकाला भर सभेत ‘वेडा’ म्हणणाऱ्या आपल्या सर्वपक्षीय वक्त्यांनी हा कायदा एकदा वाचावा, असे मला कळकळीने वाटते. एखाद्या नेत्याने सभागृहात खोटे सांगितले, अधिकाऱ्यावर हात उगारला, संकटाच्या वेळी सूड उगवला, तर तेवढे स्पष्ट शब्दांत आणि तारखेनिशी सांगता येते. त्यासाठी आजाराच्या नावाची गरज नाही. ‘संतापी’, ‘उतावळा’, ‘सूडबुद्धीचा’, ‘हलक्या कानाचा’ हे मराठीतील जुने, नेमके आणि कोणालाही वापरता येण्याजोगे शब्द आहेत. त्यांवर डॉक्टरांची मक्तेदारी नाही.

तेव्हा या चाचणीविषयी माझी शिफारस अशी. ज्यांच्या घरातील माणूस तेच तेच विचारू लागला आहे, नेहमीच्या रस्त्यावर चुकू लागला आहे किंवा ज्याला गॅस बंद केल्याचे आठवत नाही, त्यांनी ती जरूर करून घ्यावी आणि लवकर करून घ्यावी. प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या व्यक्तीकडून, रुग्णाच्या भाषेतील आणि शिक्षणाला साजेशा संचावर ती करून घ्यावी. इंटरनेटवरून उतरवलेल्या कागदावर घरच्या घरी करू नये. कमी गुण आले म्हणून निदान झाले असे समजू नये, आणि जास्त गुण आले म्हणून घरच्यांची तक्रार खोटी ठरवू नये. ज्येष्ठ राष्ट्रप्रमुखाच्या वार्षिक तपासणीत ती असावी, परंतु एकट्या वैयक्तिक डॉक्टरच्या हातून नव्हे, आणि तिच्याबरोबर काही तासांची सविस्तर चाचणी व्हावी. निकाल जाहीर करताना ही चाचणी काय पाहत नाही, हेही त्याच व्यासपीठावरून सांगितले जावे. डॉ. जॅक्सन यांच्या त्या दीर्घ पत्रकार परिषदेनंतर लोकांच्या ध्यानात राहिला तो फक्त तीस हा आकडा.

अभियंत्यांच्या पत्नीची वही आमच्याकडे त्यांच्या फाइलमध्ये लावलेली आहे. मूळ त्यांनी परत नेली, आम्ही छायाप्रत ठेवली. तेव्हापासून मोकाच्या कागदाला जोडून मी घरच्यांसाठी एक कोरे पान देते. त्यावर फक्त दोन रकाने आहेत : तारीख, आणि काय घडले.